घर की गाडी

भागोजीने शिडी घरगाडीला टेकवली, दोन पावलं मागे सरून पाहिलं, आणि पुन्हा पुढे येऊन ती काढून घेतली. मग दुसऱ्या अंगाला लावली. तिथेही ती मनासारखी बसेना. त्याची बायको आवडाबाई शिडीचा पाय धरायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली. नवऱ्यासाठी शिडी धरता धरता तिचे केस पिकायला लागले होते. पण शिडी लावायची कुठे, याचा असा घोर लागलेला तिने त्याला आजवर पाहिला नव्हता.

“हिला वळचणच न्हाय,” तो शेवटी पुटपुटला.

खोटं नव्हतं ते. नागावातल्या झाडून सगळ्या घरांना वळचण होती आणि बहुतेक सगळ्या वळचणींना भागोजीची शिडी कधी ना कधी लागलेली होती. हे छप्पर मात्र पालथ्या होडीसारखं दोन्ही बाजूंनी गोल होत भिंतीत उतरलेलं. ना कौल, ना वासा, ना आढं. वर नुसता पांढरा रंग, आणि त्या रंगावर माडाच्या सुकल्या पोयी, चुडतांचा चुरा, कावळ्यांची घाण. भरीला एक नारळ नेमका मधोमध पडून तिथलं कापड फाटलं होतं. हे असंच राहिलं तर पहिल्या आठवड्यातच पाऊस थेट शेठच्या पलंगावर झोपायला येणार, यात कुणाला शंका नव्हती.

शेठ म्हणजे एदलजी शेठ, मुंबईचा पारशी. त्याची हयात गोदीत बोटी दुरुस्त करण्यात गेली. नोकरी संपल्यावर चार माणसं बंगला बांधतात, तर या बाबाने घराला चाकं लावली. स्वतःच्या हातांनी फळ्या तासून, त्यावर बोटीच्या डेकवर घालतात तसलं जाड कापड ताणून, वर सफेत्याचे हात मारून त्याने ही घरगाडी उभी केली, मोटारीमागे जोडली, धरमतरची खाडी तराफ्यावरून ओलांडली आणि नागावात हरेश्वरच्या नारळाच्या वाडीत आणून ठेवली. थंडीभर तो तिच्यात राही, ताजं म्हावरं खाई, आणि चैत्र तापला की दाराला कुलूप लावून मोटारीने परत जाई. छप्पर साफ करायला यंदा तो आधी स्वतःच निघाला होता. एक पाय चाकावर, एक हात खिडकीला, असा तो जेमतेम वर पोचला, आणि त्याच्या वजनाखाली फळी अशी कुरकुरली की देवाचं नाव घेत बिचारा घसरत खाली आला. मग त्याने हरेश्वरला सांगितलं, तुमच्याकडे छपरावर चढणारा माणूस असेल तो बोलाव.

हरेश्वरने भागोजीला बोलावलं. साऱ्या गावाने तोंडात बोटं घातली, कारण घरं शाकारणाऱ्या भागोजीला गेल्या वर्षापासून कुणीच बोलावलं नव्हतं.

गेल्या वैशाखात तो चंद्राबाईच्या घरावरून पडला होता. चंद्राबाईचं घर हरेश्वरच्या वाडीला लागूनच. मधे एक कुंपण, बस्स. छपराच्या एका पाख्याची, म्हणजे उताराची, अर्धी कौलं चाळून झाली होती, आणि भागोजी खाली आला तो थेट अंगणात. पाय मोडला. थळच्या हाडवैद्याने बांधला, पण वाकडा जुळला. हे एवढ्यावर भागलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. उंचावर काम करणारा माणूस कधी तरी पडतोच. पण तो पडला तेव्हा आवडाबाई शिडीवर होती.

आता हे नागावाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. बाईने शिडी धरावी, कौलं हातावर द्यावी, पण शिडीवर पाय ठेवू नये. घराच्या माथ्यावर तर नाहीच नाही. का, ते कुणी सांगत नसे. आवडाबाईने नवी नवरी असताना सासूला विचारलं होतं, तर सासूने नुसते डोळे वटारले होते. त्या दिवशी भागोजीचा हात खाली पोचेना, म्हणून कौल घेऊन ती दोन-तीन दांड्या चढली. आणि खरं सांगायचं तर कौल हे निमित्त. वरून घर दिसतं तरी कसं, हे तिला एकदा बघायचं होतं. इतक्या वर्षांत इतकी कौलं तिने वर दिली, आणि ती जिथे जाऊन बसली ती जागा तिने कधीच पाहिली नव्हती. आढ्यापर्यंत नजर पोचायच्या आतच वर काहीतरी घसरल्याचा आवाज झाला.

“बाईचा पाय शिडीला लागला, दुसरं काय व्हनार,” चंद्राबाई म्हणाली होती. तिचं म्हणणं म्हणजे आळीचा निकाल. ती काही दुष्ट बाई नव्हती; भागोजी खाटेवर होता तेव्हा महिनाभर पेज तिच्याच घरून येत होती. पण बोलली ते बोलली, आणि पुढे सगळेच ते बोलू लागले. भागोजी मात्र त्यावर एक अक्षर बोलला नाही. हो नाही, की नाही नाही. वर्षभर आवडाबाईला हेच खात होतं. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तरी तिला कळलं असतं की याच्या मनात काय आहे.

आणि आता ही घरगाडी. गावात तिच्यावरून दोन तट पडले होते. हरेश्वरच्या मते ती गाडी, कारण घर म्हटलं की तलाठी चौकशीला येणार. चंद्राबाईच्या मते ते घर; जिथे चूल पेटते ते घर, चाकं असोत नाहीतर शिंगं. भागोजीने तर आल्या आल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं की हे घरच, आणि घर आहे म्हणूनच तो आला. गाड्या धुवायला शेठने दुसरा माणूस बघावा. हे म्हणताना त्याची मान कशी ताठ झाली, ते आवडाबाईने पाहिलं. हे घर असलं तर तोच वर चढणार होता. त्या वाकड्या पायाने.

“मोडक्या पायानं जावं लागतंय का वर?” ती हळूच म्हणाली.

“मग कोन जानार, तू?” भागोजी म्हणाला आणि त्याने शिडी टेकवली.

कुंपणापलीकडे चंद्राबाई येऊन उभी राहिली होती. हरेश्वर होता, शेठ होता. भागोजीने पहिल्या दांडीवर चांगला पाय ठेवला, दुसऱ्या दांडीवर वाकडा. तिसऱ्या दांडीला त्याने अंगाचा भार वर घेतला, आणि सगळी घरगाडी पलीकडच्या अंगाला झुकली. हळूच, पण झुकली. आतली भांडी खुळखुळली. भागोजीने शिडीला मिठी मारली. ऊन, वारा, वादळ, सगळं अंगावर घेऊन त्याने छपरं केली होती. पण घर आपल्या पायाखाली हललेलं त्याने जन्मात अनुभवलं नव्हतं. तो खाली उतरला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

एदलजी शेठने कपाळाला हात लावला. चूक त्याचीच होती, आणि ती त्याने मोकळ्या मनाने कबूल केली. उद्या निघण्याआधी गाडी नारळ पडणार नाहीत अशा जागी सरकवायची म्हणून चारी कोपऱ्यांखालचे लाकडी टेकू त्याने सकाळीच काढून ठेवले होते. त्यांच्याशिवाय गाडी नुसत्या चाकांवर आणि स्प्रिंगांवर तरंगत असते. त्याने आणि हरेश्वरने मिळून टेकू पुन्हा ठोकून बसवले, चाकांपुढे-मागे दगड लावले. शेठने खांदा लावून गाडी ढकलून दाखवली. ती आता हलायला तयार नव्हती.

“हवे घर जेवी थई गई,” तो हसत म्हणाला आणि लगेच मराठीत, “आता एकदम घर. चढ भागोजी.”

भागोजी चढला नाही. तो माडाच्या बुंध्याशी बसला, पाय लांब केला, बिडी पेटवली. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो त्या छपराकडे. बिडी अर्धी झाली तेव्हा तो उठला. शिडीपाशी गेला. पण वर न जाता शिडीच्या शेजारी उभा राहिला, आवडाबाई वर्षानुवर्षं उभी राहायची तिथे.

“ही गाडी हाय,” तो म्हणाला. “मी हलताना बघितली. आवडे, चढ.”

तिला वाटलं, आपण भलतंच ऐकलं. कुंपणापलीकडून चंद्राबाईचा आवाज आला. भागोजीचं डोकं फिरलंय का, असं तिने विचारलं. एकदा हिचा पाय शिडीला लागला तर जन्माचा लंगडा झालास, आता काय जीव द्यायचाय?

भागोजीने शिडी सोडली नाही. तो चंद्राबाईकडे वळला आणि वर्षभर जे बोलला नव्हता ते त्याने एका दमात सांगून टाकलं.

“काकी, मी घाई केली. वासा न चाचपता पाय टाकला, म्हनून पडलो. डोक्यावरच जानार व्हतो, खाली तुमचं जातं व्हतं. ही शिडीवर व्हती, हिनं माझा पाय पकडला. पाय मोडला, पन डोकं वाचलं. ही शिडीवर नसती तर तुमी मला पेज न्हाय, शेवटचं पानी पाजलं असतंत.”

आवडाबाईचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने पुसले, लपवले नाहीत. तो पाय आपण पकडला म्हणून मोडला, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. पकडल्यामुळे काही वाचलंही, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. मेल्याने सांगायला वर्ष लावलं! तिला त्याचा राग आला, आणि त्या रागातही इतकं हलकं वाटलं की तिने काष्टा घट्ट खोचला आणि शिडीला हात घातला.

“थांब,” भागोजी म्हणाला. आता तो पुन्हा पहिल्यासारखा भागोजी झाला होता. त्याने शिडीच्या टोकांना गोणपाट गुंडाळलं, म्हणजे रंग खरवडायचा नाही. शिडी वरून माडाला बांधली. आवडाबाईच्या कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक माडाला वेढा देऊन हरेश्वरच्या हातात दिलं. मग दुसरी, आखूड शिडी वर सरकवून छपरावर आडवी पाडली आणि दोन्ही अंगांनी दोर खाली घेऊन चाकांना सैलसर बांधली, जागा ठरली की आवळायला. कौलांवरही तो असंच करी. पाय कौलावर न देता आडव्या शिडीवर द्यायचा, म्हणजे भार एका जागी येत नाही. पण ही आडवी शिडी नेमकी कुठे टेकवायची? फळ्या पातळ होत्या, त्यांच्याखालच्या लाकडी कमानी तेवढ्या भार घेणार, आणि कमानी कापडाखाली झाकलेल्या. त्यावर शेठने तोडगा काढला. तो घरगाडीत शिरला आणि आतून काठीने छताला ठोकत गेला. जिथे कमान असेल तिथे दोनदा ठक ठक. वर आवडाबाईने कापडावर तळहात ठेवला होता. तो ठोका तिला तळहातात कळे, आणि ती शिडी तेवढी सरकवी. एक म्हातारा आतून, एक बाई बाहेरून, अशी त्या छपराची वाटाघाट बराच वेळ चालली होती.

मग ती कामाला लागली. पोयी आणि कचरा तिने हाताने गोळा करून खाली टाकला. झाडू मारला असता तर कापडाची आणखी चाळण झाली असती. रिठ्याचं पाणी शिंपडून काथ्याने घाण घासली, वरून खालच्या दिशेने, भागोजी सांगेल तशी. नारळाने फाटलेल्या जागेवर शेठने दिलेला कापडाचा तुकडा सफेत्यात भिजवून बसवला आणि कडा अंगठ्याने दाबत गेली. इतका वेळ तिने मान वर केली नव्हती. भागोजीने सांगितलं होतं, काम संपेस्तोवर लांब बघायचं नाही. काम संपलं. मग तिने बघितलं.

माडांच्या फटीतून समुद्र दिसत होता, पण समुद्र काय, तो तिने रोज पाहिलेला. तिने बघितली ती घरं. पुजाऱ्याचं, शिंप्याचं, खालच्या आळीतली सगळी. आणि प्रत्येकाच्या पाठीवर ओळीने निजलेली कौलं. यातलं प्रत्येक कौल तिच्या हातातून गेलं होतं. ती कुठे जाऊन बसली ते तिला आज कळलं. इतकी सरळ ओळ! याला खालून कधी कुणी शाबासकी दिली असेल का? तिला हसू फुटलं. लहान मुलीसारखी ती वर बसून एकटीच हसत होती, आणि खाली शिडी धरून उभा असलेला भागोजी वर बघत होता.

“उतर आता,” तो म्हणाला, पण घाई असल्यासारखा नाही म्हणाला.

उतरण्याआधी तिने चंद्राबाईच्या घराकडे पाहिलं. अर्ध्या पाख्यावर गेल्या वर्षीची साफ कौलं, अर्ध्यावर जुनी काळी, आणि जिथे भागोजीचा पाय गेला तिथून वरपर्यंत कौलं सरकून एक भगदाड पडलेलं. ते बरोबर देवघराच्या वर येत होतं; जिथून माणूस पडला त्या छपरावर दुसरा कुणी चढायला तयार झाला नव्हता. खाली आल्यावर तिने ते कुंपणाशी जाऊन सांगितलं. चंद्राबाई ऐकून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शेठ आपलं धुतलेलं घर कुलपात ठेवून मुंबईला गेला. आवडाबाईचं कौतुकही झालं आणि ते लगेच आवरतंही घेतलं गेलं. गाडीवर चढली ते ठीक, लोक म्हणाले; गवताच्या गाडीवर बाया चढतातच की. पण घर ते घर. वैशाख लागला, आळीतल्या घरांची शाकारणी तोंडावर आली, आणि भागोजीच्या दाराशी कुणी फिरकलं नाही. तो चढू शकत नव्हता, तिला चढता येत नव्हतं. आणि चाकं असलेली घरं नागावात असणार तरी किती? आवडाबाईने थळला दिलेल्या लेकीकडे जायची भाषा सुरू केली. कोळणींच्या म्हावऱ्याच्या पाट्या उचलून तरी पोट भरेल, असं ती म्हणाली. त्या दिवशी भागोजी जेवला नाही.

मग एका सकाळी चंद्राबाईचा निरोप आला. दोघांनी यावं, शिडी घेऊन.

ते गेले आणि अंगणातच थबकले. चंद्राबाईच्या ओटीच्या दोन्ही अंगांना बैलगाडीची दोन जुनी चाकं भिंतीला टेकवून उभी केली होती. तिच्या नवऱ्याच्या गाडीची; तो गेल्यापासून गोठ्यात पडून होती. त्यांच्यावरची धूळ पुसून, आरे तेल लावून चकचकीत केलेले. चंद्राबाई दारात उभी होती, तोंडावरची माशीही हलू न देता.

“बघताय काय?” ती म्हणाली. “चाकं हायत का न्हाय? मग गाडीच ही. चढ, आवडे.”

भागोजीने त्या घराकडे पाहिलं. त्याच्या आजाच्या काळापासून ते एक तसूभर हललेलं नव्हतं. हसावं की रडावं ते त्याला कळेना. त्याने चाकांकडे पाहिलं, चंद्राबाईकडे पाहिलं, आणि गेल्या वर्षभरात देवांना पावसापासून वाचवायला ही बाई देवघरातून माजघरात, माजघरातून कोठीत त्यांना किती वेळा हलवत राहिली असेल, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने शिडी वळचणीला टेकवली. ती लागल्याबरोबर बसली.

आवडाबाईने जिथे भागोजीचं काम थांबलं होतं तिथूनच सुरुवात केली. वासा चाचपून, मगच पाय. फुटकी कौलं खाली, धड कौलं ओळीत. ऊन चढलं. नवी कौलं कमी पडली, तेव्हा भागोजी चंद्राबाईला म्हणाला, काकी, जरा शिडी धरता का, मी मागच्या ढिगातली आणतो. आणि तो लंगडत घराच्या मागच्या अंगाला गेला.

आवडाबाई आढ्याशी हातातलं शेवटचं कौल बसवत होती.

“आवडे,” खालून चंद्राबाईने विचारलं, अगदी हलक्या आवाजात, “काय दिसतं गं वरून?”

आवडाबाईने वाकून पाहिलं. चंद्राबाई मान वर करून बघत होती. अंगणात दुसरं कुणी नव्हतं, आणि तिचा एक पाय शिडीच्या पहिल्या दांडीवर होता.